पालकांचा फुटबॉल सामना आणि एप्रिलचे ऊन

डावी_बगल (धागाकर्ता)

नमस्कार. गेल्या रविवारी कोल्हापुरात आमच्या मुलांच्या उन्हाळी फुटबॉल शिबिराचा समारोप होता आणि त्या निमित्ताने पालकांचा एक मैत्रीपूर्ण सामना ठेवलेला होता. त्या सामन्यात मी खेळलो. त्या दिवशी जे घडले, ते आठवडाभर मनातून जात नसल्यामुळे येथे सविस्तर लिहीत आहे. येथील जाणकारांनी मोकळेपणाने मत द्यावे, अशी विनंती आहे.

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला फुटबॉलचे निमित्त लागत नाही. आमच्या पिढीतील बहुतेकांनी शाळेच्या वयात पेठेतल्या गल्लीत अनवाणी चेंडू मारलेला आहे आणि शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून आपापल्या तालमीच्या संघासाठी घसा बसवलेला आहे. त्यामुळे शिबिराच्या प्रशिक्षकांनी पालकांना खेळण्याविषयी विचारताच अर्ध्या तासात बाबांच्या बाजूने सव्वीस नावे आली आणि आयांच्या बाजूने सोळा. रिक्षा चालवणारे, बँकेत काम करणारे, गुळाच्या अडतीवर बसणारे, शिक्षक, दोन सराफ, असे सगळे त्यात होते. यांतील निम्म्याहून अधिक जणांनी पंधरा-वीस वर्षांत चेंडूला पाय लावलेला नव्हता.

वेळापत्रकाप्रमाणे सकाळी सात वाजता मुलांचे सामने, आठ वाजता बाबांचा सामना आणि पावणेनऊला आयांचा सामना व्हायचा होता. मुलांचे सामने लांबले, त्यानंतर पाहुण्यांची वाट पाहण्यात पाऊण तास गेला, मग सत्कार, श्रीफळ, मनोगते आणि प्रमाणपत्रे झाली. आमचा सामना सुरू झाला तेव्हा दहा वाजून चाळीस मिनिटे झाली होती. मोबाइलवर तापमान ३८ अंश दिसत होते. मैदान मुरमाचे, गवत नावालाही नाही आणि सावली फक्त एका कोपऱ्यातल्या पर्जन्यवृक्षाची, ती सगळी मुलांनी आणि आजी-आजोबांनी व्यापलेली. पंचवीस मिनिटांचा पूर्वार्ध आणि पंचवीस मिनिटांचा उत्तरार्ध ठरला होता. वेळ कमी करावी, असे त्या क्षणी कोणालाही सुचले नाही आणि त्यात मीही आलो.

पहिली पंधरा मिनिटे फार सुंदर गेली, हे मला आवर्जून सांगायचे आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि ती शिबिरात गोलरक्षक म्हणून खेळते. ती रेषेबाहेर उभी राहून मला ओरडून सांगत होती, ‘बाबा, चेंडूकडं बघू नका, माणूस बघा!’ हेच वाक्य मी तिला महिनाभर ऐकवत होतो. वर्षभर मुलांना आपण रेषेबाहेरून सूचना देतो. त्या सूचना पाळणे किती अवघड आहे, हे मैदानात उतरल्यावर कळते, आणि आपल्यालाही ते जमत नाही, हे मुलांनाही दिसते. आमच्याकडून पहिला गोल झाला तेव्हा चाळीस मुले मैदानात धावत आली होती.

मध्यंतरात पाणी होते, परंतु एकच जार होता आणि तो उन्हात ठेवलेला होता. उत्तरार्धाच्या दहाव्या मिनिटाच्या सुमारास आमच्या मधल्या फळीत खेळणारे एक गृहस्थ, वय चव्वेचाळीस, चुकीच्या बाजूला पास देऊ लागले. एकदा त्यांनी आमच्याच गोलच्या दिशेने चेंडू घेतला. आम्हाला वाटले, दमले आहेत. मग ते पंचांशी गोलसंख्येवरून वाद घालू लागले. गोलसंख्या एक-एक होती आणि ते ती तीन-एक सांगत होते. हा माणूस एरवी अत्यंत शांत आहे. दोन मिनिटांनी त्यांचा तोल गेला आणि ते बसले, मग आडवे झाले.

पुढची पाच मिनिटे गोंधळाची होती. कोणी कांदा आणायला धावले, कोणी पायताण नाकाशी धरले, कोणी तोंडात पाणी घालू लागले. सुदैवाने एका मुलाची आई सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. त्यांनी सगळ्यांना बाजूला केले, तोंडात पाणी घालणे थांबवले, त्या गृहस्थांना झाडाखाली नेऊन त्यांचा शर्ट काढायला लावला, उरलेला जार त्यांच्या अंगावर ओतला आणि समारोपाच्या कापडी फलकाने चौघांना वारा घालायला सांगितले. सरबतवाल्याच्या गाडीवरचा बर्फ फडक्यात बांधून मानेला आणि काखेत ठेवला. पंधरा मिनिटांनी ते गृहस्थ नीट बोलू लागले. रुग्णालयात त्यांना एक रात्र देखरेखीखाली ठेवले आणि आता ते घरी ठीक आहेत. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा हे सर्व पाहत उभा होता. ते मला विसरता येत नाही.

आता काही पालकांचे म्हणणे आहे की, हा सामना यापुढे कायमचा बंद करावा. मला तसे वाटत नाही. परंतु तो कसा, कधी आणि कोणत्या तयारीने खेळावा, याचे नीट उत्तर माझ्यापाशी नाही. म्हणून विचारत आहे.

पश्चिम_गॅलरी

आपले लेखन वाचून अस्वस्थ झालो. ते गृहस्थ बरे आहेत, हे वाचून जिवात जीव आला.

एक मुद्दा मांडतो. आपल्याकडे उन्हाविषयी जी बेफिकिरी आहे, तिचे मूळ आपल्या फुटबॉलच्या परंपरेतच आहे, असे मला वाटते. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना १९४० ची. तेव्हापासून पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब अशा संघांचे सामने पाहत येथील पिढ्या वाढल्या. हंगाम थंडीत सुरू होतो आणि पार उन्हाळ्यापर्यंत चालतो, आणि एका दिवशी दोन सामने असले की पहिला भर दुपारी असतो. आपण गॅलरीत डोक्याला रुमाल बांधून बसतो आणि मैदानात पोरे धावताना पाहतो. त्यामुळे ऊन ही खेळातली अडचण आहे, असे आपल्याला कधी वाटतच नाही.

परंतु ती पोरे थंडीपासून रोज सराव करत आलेली असतात, त्यांचे शरीर उन्हाबरोबर हळूहळू तयार झालेले असते. याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, निखिल कदम कोलकात्याच्या मोहन बागान संघापर्यंत गेला. त्यांच्यामागे कित्येक वर्षांची रोजची मेहनत होती. वीस वर्षे खुर्चीत बसलेल्या माणसाने त्यांच्याच मैदानी वेळा पाळाव्यात, हे योग्य नाही. सामना बंद करू नका, वेळ बदला.

क्रीडावैद्य

मी डॉक्टर आहे आणि काही वर्षे खेळाडूंच्या दुखापतींचे काम करत आहे. रुग्णाला तपासल्याशिवाय निदान सांगणे बरोबर नाही, त्यामुळे त्या गृहस्थांविषयी न बोलता, आपण सांगितलेल्या घटनाक्रमातून सर्वांनी काय ओळखायला हवे, तेवढे लिहितो.

धावताना स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात, तिचा मोठा भाग उष्णता म्हणून बाहेर पडतो. ही उष्णता रक्तावाटे त्वचेपर्यंत येते आणि घाम वाळताना निघून जाते. म्हणजे उन्हात खेळताना हृदयाला एकाच वेळी स्नायूंना आणि त्वचेला रक्त पुरवावे लागते, आणि घामावाटे पाणी जात असल्यामुळे रक्ताचे प्रमाण त्याच वेळी घटत असते. सराव नसलेल्या, झोप अपुरी झालेल्या आणि सकाळपासून चहाशिवाय काही न घेतलेल्या माणसाची ही कसरत लवकर मोडते. चक्कर, मळमळ, पायात गोळे, डोकेदुखी ही उष्णतेच्या थकव्याची लक्षणे असतात. शरीराच्या आतील तापमान ४० अंशांच्या वर गेले आणि मेंदूचे काम बिघडू लागले, म्हणजे तो उष्माघात.

आपल्या लेखनातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य माझ्या दृष्टीने गोलसंख्येच्या वादाचे आहे. शांत माणूस अकारण भांडू लागला, दिशा चुकू लागला, साधी गोष्ट विसरू लागला, तर सामना त्याच क्षणी थांबवायचा. पडण्याची वाट पाहायची नाही. दुसरे असे की, उष्माघातात त्वचा कोरडीच असते, ही समजूत धोक्याची आहे. उन्हात बसून राहिलेल्या वृद्धांमध्ये ती कोरडी आढळू शकते, परंतु खेळताना होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असतो. घाम येत आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

त्या परिचारिका भगिनींनी जे केले, ते अगदी बरोबर होते. आधी अंग थंड करायचे आणि मग रुग्णालयात न्यायचे, हा क्रम आहे. १०८ क्रमांकावर फोन लगेच करावा, पण गाडी येईपर्यंत एक मिनिटही वाया घालवू नये. मोठ्या टपात किंवा प्लास्टिकच्या पिंपात थंड पाणी भरून त्यात माणसाला मानेपर्यंत बसवता आले तर त्याहून चांगला उपाय नाही. ते नसेल तर सतत पाणी ओतत वारा घालावा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घातले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते. कांदा आणि पायताण यांत केवळ वेळ जातो.

खेळण्याआधी एक गोष्ट प्रत्येकाने स्वतःला प्रामाणिकपणे विचारावी. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, मधुमेह असेल, नुकताच ताप किंवा जुलाब होऊन गेले असतील, तर त्या दिवशी उन्हात धावू नये. आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. आणि शरीर उन्हाला सरावायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, तेही रोज थोडे थोडे उन्हात हालचाल केली तर. थेट समारोपाच्या दिवशी मैदानात उतरलेल्या पालकाला ही संधीच मिळालेली नसते.

साळ_नदीकाठ

मी मडगावचा. आमच्याकडे फुटबॉल आणि घाम हे दोन्ही भरपूर, म्हणून दोन शब्द.

मोबाइलवरचे तापमान पाहून निर्णय घेऊ नका, कारण त्यात दमटपणा धरलेला नसतो आणि तो आकडा सावलीतल्या हवेचा असतो. खेळासाठी जो आकडा वापरतात, त्यात ओल्या कपड्यात गुंडाळलेल्या तापमापीला ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या तापमापीला २० टक्के आणि साध्या हवेच्या तापमानाला केवळ १० टक्के महत्त्व असते. ओल्या तापमापीला एवढे महत्त्व का, तर घाम वाळतो की नाही, हे तीच सांगते.

उदाहरणादाखल हिशेब करून दाखवतो. समजा, नागपुरात ४२ अंश तापमान आहे आणि हवेत आर्द्रता १५ टक्के आहे, तर ओली तापमापी सुमारे २२ दाखवील. काळा गोळा ५५ धरला तर एकूण आकडा साडेतीसच्या आसपास येतो. गोव्यात ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, तर ओली तापमापी २८ वर जाते आणि काळा गोळा केवळ ४६ धरला तरी आकडा ३२ च्या पुढे सरकतो. म्हणजे आठ अंशांनी ‘थंड’ असलेले आमचे मैदान खेळाडूच्या शरीराला अधिक जाचक ठरू शकते. याचा अर्थ नागपूरचे ऊन सौम्य आहे असा नव्हे. तेथे अंगातले पाणी कधी संपले ते कळत नाही, कारण घाम लगेच वाळून जातो.

हा आकडा ३२ च्या वर गेला की सामन्याच्या दोन्ही अर्धांत थंडाव्यासाठी विश्रांती द्यावी, असे फिफाचे धोरण राहिले आहे. २०१४ च्या विश्वचषकात २९ जून रोजी ब्राझीलमधील फोर्तालेझा येथे नेदरलँड्स आणि मेक्सिको यांच्या सामन्यात तशी विश्रांती दिली गेली होती. खेळाच्या नियमांतही आता दीड ते तीन मिनिटांच्या अशा विश्रांतीला स्पष्ट परवानगी आहे. जगातले सर्वांत तंदुरुस्त खेळाडू थांबून पाणी पितात, तर आपण पालकांनी न थांबता पंचवीस मिनिटे का खेळावे?

दहा_नंबरची_आई

मी याच सामन्याला होते, म्हणून धागाकर्त्यांनी ओझरते लिहिलेले एक प्रकरण पूर्ण करते.

आयांचा सामना पावणेनऊला होता. सोळा जणींनी नावे दिली होती. आम्ही त्यासाठी दोन आठवडे रोज पहाटे साडेपाचला उठून, घरचे डबे करून, सहा वाजता सराव केला होता. आमच्यातल्या अकरा जणी आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉल खेळत होत्या. त्यातल्या एकीने मला सांगितले होते की, लहानपणी भावाबरोबर स्टेडियमवर जायचा हट्ट केला म्हणून तिला मार बसला होता. तिच्यासाठी हा सामना काय होता, हे मी वेगळे सांगायला नको.

बाबांचा सामना दहा चाळीसला सुरू झाला आणि नंतर ती घटना घडली. आमचा सामना रद्द होणे त्या परिस्थितीत योग्यच होते, त्याबद्दल माझी जराही तक्रार नाही. परंतु समजा, ती घटना घडली नसती, तर आम्हाला साडेअकरानंतर, सलवार-कमीज आणि डोक्यावर ओढणी अशा कपड्यांत खेळायला उतरवले असते, किंवा ‘फार ऊन झाले, दहा मिनिटांत आटपा’ असे सांगितले असते. वेळ घसरली की सर्वांत शेवटच्या गटाच्या वाट्याला सर्वांत वाईट ऊन येते, आणि शेवटचा गट कोणता असतो, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

माझी सूचना साधी आहे. आयांचा सामना सर्वांत आधी, मग बाबांचा, मग मुलांचे छोटे सामने आणि सत्कार, मनोगते सर्वांत शेवटी, सावलीत. पाहुणे उशिरा आले तर ते सत्काराला मुकतील, खेळ कोणासाठी थांबणार नाही.

डावी_बगल

ताई, आपण लिहिले ते शब्दशः खरे आहे आणि मी ते ओझरते लिहिले, ही माझी चूक झाली. आपला सराव मी रोज पाहत होतो. आमच्यातल्या एकानेही असा सराव केला नव्हता, आणि क्रीडावैद्यांचे उत्तर वाचल्यावर आता लक्षात येते की, त्या मैदानावर उन्हाला थोड्याफार सरावलेला पालकांचा गट एकच होता आणि तो आयांचा होता.

वऱ्हाडातून

आमच्याकडे मे महिन्यात मैदानावर जायचे ते उजाडताना. सूर्य पावणेसहाच्या आतच उगवतो, सहाला चेंडू मैदानात आणि साडेसातला मैदान रिकामे, असा आमच्या कॉलनीतील पालकांचा शिरस्ता आहे. संध्याकाळी खेळावे, असे पुष्कळ जण सुचवतील, परंतु मुरमाची किंवा सिमेंटची जमीन दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत उष्णता बाहेर टाकत असते. सूर्य मावळला म्हणजे मैदान निवले असे होत नाही.

कृत्रिम गवताच्या मैदानांबद्दल तर विशेष सांगायला हवे. अलीकडे शहरोशहरी तासावर भाड्याने मिळणारी अशी मैदाने झाली आहेत. खऱ्या गवतातले पाणी बाष्प होऊन जमीन थंड राखते. प्लास्टिकच्या गवतात तसे काही होत नाही आणि त्याखालचे काळे रबराचे दाणे ऊन शोषून घेतात. भर उन्हात त्या पृष्ठभागाचे तापमान साठ अंशांच्याही पुढे जाते. घसरून पडले तर गुडघा भाजून निघतो. दिवसा तेथे सामना ठेवण्यापेक्षा मुरमाचे मैदान बरे.

सावली_हवी

सर्वांचा आदर राखून वेगळे मत मांडतो. ज्या गोष्टीत जीव जाऊ शकतो, ती केवळ हौसेसाठी करावी का? १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानात भर उन्हातल्या पुरस्कार सोहळ्यात काय झाले, हे आपण सर्वांनी वाचले आहे. तेथे लोक धावतही नव्हते, उन्हात नुसते बसले होते, तरीही अनेकांचे प्राण गेले. समारोपाला पालकांसाठी सभागृहात कॅरम किंवा बुद्धिबळ ठेवता येईल. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाने लहान मुलासमोर कोसळणे, हे त्या मुलाच्या मनावर आयुष्यभर राहू शकते.

पश्चिम_गॅलरी

आपली काळजी मनापासूनची आहे, म्हणून तिचे उत्तर तितक्याच गांभीर्याने देतो. खारघरच्या घटनेतून मी जो अर्थ घेतो, तो असा की भर दुपारी उघड्या मैदानात कोणताही समारंभ करू नये, मग तो खेळाचा असो वा भाषणांचा. या शिबिरातही खेळ आठ वाजता होता. भाषणांनी तो पावणेअकरावर ढकलला. खेळ काढून टाकला आणि समारंभ तसाच ठेवला, तर उन्हात बसणारी मुले आणि आजी-आजोबा तसेच राहतील.

मुलाच्या मनाविषयी आपण म्हणता ते मला पटते. पण त्याच मुलाने आपल्या बाबांना चाळीस मिनिटे खेळतानाही पाहिले आहे. त्याने पुढच्या वेळी बाबांना मैदानावर सुखरूप पाहिले, तर ती आठवणही त्याच्यापाशी राहील.

शिट्टी_आणि_कवायत

मी शालेय मुलांना फुटबॉल शिकवतो, म्हणून खेळाच्या बाजूने थोडे लिहितो. पालकांच्या सामन्यासाठी पूर्ण मैदान, अकरा खेळाडू आणि मोठे अर्ध यांचा आग्रह धरण्याचे काही कारण नाही. हौशी आणि प्रौढांच्या फुटबॉलसाठी मैदानाचा आकार, सामन्याची लांबी आणि बदली खेळाडूंची पद्धत बदलण्याची मुभा खेळाच्या नियमांतच दिलेली आहे. मी सात-सात खेळाडूंचा सामना घेतो, अर्ध्या मैदानावर, बारा मिनिटांचे दोन अर्ध आणि प्रत्येक अर्धाच्या मध्ये दोन मिनिटांचे पाणी. बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो. दर चार मिनिटांनी शिट्टी वाजवून दोघांना बाहेर बसवतो. याचा मोठा लाभ असा की, बाहेर बसणे ही हार वाटत नाही, कारण प्रत्येकाची पाळी येते. आपल्या मधल्या फळीतल्या गृहस्थांना कदाचित दहा मिनिटे आधीच बाहेर यावेसे वाटले असेल, परंतु मुलगा पाहत असताना कोणता बाप हात वर करतो? ते पंचांनीच ठरवून टाकायला हवे.

पंचांना अधिकार द्या आणि तो लेखी द्या. कोणाला बाहेर काढले तर त्यावर चर्चा नाही.

पायांविषयीही सांगतो. कडक मुरमावर खिळ्यांचे बूट घालू नयेत, ते रुतत नाहीत आणि घोटा मुरगळतो. सपाट रबरी तळाचे बूट चांगले. चाळिशीनंतर सर्वाधिक दुखावतात त्या पोटऱ्या आणि मांडीचे मागचे स्नायू, आणि तेही पहिल्याच वेगवान धावेत. दहा मिनिटे चालणे, हलके पळणे आणि मग चेंडू, एवढे केले तरी पुष्कळ निभावते.

दहा_नंबरची_आई

पाण्याची व्यवस्था आम्ही सोळा जणी घेतो. त्या दिवशी ज्यांनी प्रसंग सांभाळला, त्या परिचारिका ताईंशी बोलून सर्वांसाठी लिहीत आहे. ओआरएसच्या मोठ्या पुडीत साडेवीस ग्रॅम पूड असते आणि ती पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळायची असते. अर्धी पुडी पेल्यात टाकून ढवळणे चुकीचे आहे, कारण त्यातील मीठ आणि साखर यांचे प्रमाण आतड्याने पाणी शोषून घ्यावे यासाठी मोजून ठरवलेले आहे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बोनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच साध्या मिश्रणावर कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले, हे ताईंनी सांगितले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

पंचवीस मिनिटांच्या सामन्याला प्रत्येकाला ओआरएस लागतेच असे नाही, मीठ घातलेले पातळ ताक आणि साधे पाणीही चालते. मात्र एका दमात दोन-तीन लिटर साधे पाणी पिऊ नये, त्याने रक्तातील क्षार विरळ होतात. माठ झाडाखाली राहतील आणि एक मोठे पिंप बर्फाच्या पाण्याने भरून, ओल्या टॉवेलांसह, रेषेजवळ ठेवले जाईल. ते पिंप वापरण्याची वेळ येऊ नये.

डावी_बगल

सर्वांचा अत्यंत ऋणी आहे. धागा काढल्यानंतर तीन आठवड्यांनी, म्हणजे आज रविवारी, आम्ही तो सामना पुन्हा खेळलो. त्याचा वृत्तांत लिहिणे माझे कर्तव्य आहे.

आयांचा सामना सहा वाजून पंचवीस मिनिटांनी सुरू झाला. आदल्या संध्याकाळी वळीव पडून गेल्यामुळे मुरूम दबलेला होता आणि धूळ उडत नव्हती. सात-सात खेळाडू, बारा मिनिटांचे अर्ध, मध्ये पाणी. सोळाही जणी आळीपाळीने खेळल्या. लहानपणी स्टेडियमवर जाण्यासाठी मार खाल्लेल्या ताईंनी उत्तरार्धात डाव्या पायाने गोल मारला आणि त्या गोलजाळ्याशीच बसून रडल्या. सामना दोन-एक असा संपला.

आमचा सामना सात वाजून पाच मिनिटांनी सुरू झाला. पंच म्हणून बाहेरच्या एका निवृत्त क्रीडाशिक्षकांना बोलावले होते आणि खेळाडू बाहेर काढण्याचा अधिकार त्यांना लेखी दिलेला होता. त्यांनी मला दोनदा बाहेर बसवले. दुसऱ्या वेळी मला अजून खेळता आले असते असे वाटत होते, परंतु बसल्यावर हृदयाचे ठोके मोजले तेव्हा त्यांचे बरोबर असल्याचे कळले. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या तीन बाबांनी आपण होऊन नावे मागे घेतली आणि पाणी, गुणफलक व प्रथमोपचार यांची जबाबदारी घेतली. आठ वाजेपर्यंत मोठ्यांचे खेळ संपले. मुलांचे छोटे सामने साडेआठला आटोपले आणि त्यानंतर झाडाखाली प्रमाणपत्रे दिली.

ते गृहस्थ आले होते. डॉक्टरांनी त्यांना आणखी काही आठवडे धावण्यास मनाई केली आहे, त्यामुळे ते खेळले नाहीत. त्यांनी रेषेवर झेंडा घेऊन सहायक पंचाचे काम केले आणि त्यांचा मुलगा पूर्ण वेळ पाण्याची बाटली हातात धरून त्यांच्याबरोबर रेषेवर मागे-पुढे चालत होता. दर पाच मिनिटांनी तो बाटली पुढे करायचा आणि ते एक घोट घ्यायचे. बर्फाचे पिंप आम्ही न वापरता रिकामे केले; त्यातल्या थंड पाण्यात मुलांनी पाय बुडवून घेतले.

पुढच्या वर्षीसाठी पालकांचा सराव मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून, आठवड्यातून चार दिवस, सकाळी सहा वाजता सुरू करायचा असे ठरले आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी येथेच कळवावे.